जुनी पाटी, नवी पाटी

दोन्ही हात पुढे, तळवे वर, डोळे मिटलेले. एका तळव्यावर एक वांगं, दुसऱ्यावर दुसरं. भाजीवाला कंटाळून मोबाइल बघायला लागलेला, मागं चार गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि हे आमचे समोरचे काका इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या भाजीबाजारात समाधी लावून उभे. मग एक डोळा किलकिला उघडायचे आणि म्हणायचे, "ठहर जा भिया. आधी दोन्ही हातात घेऊन बघू दे."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. घाई त्याला ठाऊक नसते आणि आपली घाई त्याला दिसत नाही. मी मूळची सांगलीची, आणि स्वभावानं उतावळी. दुकानात शिरलं की पहिली दिसेल ती वस्तू उचलायची आणि घरी येऊन पस्तावायचं, ही माझी खरेदीची पद्धत. नोकरीच्या निमित्तानं मला इंदूरला आणून देवानं नेमकं यांच्याच समोरच्या घरात भाडेकरू म्हणून ठेवलं, त्यात त्याचा काहीतरी हेतू असणार.

तशी पहिली भेट कॉलेजात झाली. ते तिथं स्टोअर आणि खरेदी सांभाळायचे. मी गणित शिकवायला नव्यानं लागले होते. बोर्डावर लिहायचा मार्कर संपला म्हणून मागायला गेले, तर यांनी माझ्यापुढं तीन कंपन्यांचे तीन मार्कर ओळीनं मांडले.

"टोपणं काढा, मॅडमजी. रात्रभर उघडे राहू द्या. सकाळी जो लिहील तो अपना."

"पण सर, माझा तास आत्ता आहे."

"मग आज तोंडी घ्या. आमच्या वेळी पाढे तोंडीच होते."

मी तणतणत गेले आणि सबंध तासभर हवेत हात फिरवून त्रिकोण काढले. सकाळी तिघांपैकी एकच मार्कर लिहिता राहिला होता. पुढं कॉलेजात तोच येत राहिला आणि त्यानं मला कधी दगा दिला नाही, हेही सांगायला हवं.

तीन ठिकाणची कोटेशनं मागवल्याशिवाय सुईसुद्धा घ्यायची नाही, हा खरेदी खात्याचा नियम. बाकीचे लोक तो ऑफिसात पाळतात. हे तो घरीही घेऊन आले होते. कुकरचं रबर हवं असलं की सियागंजला चक्कर मारून तीन रबरं आणायचे, तिन्ही एकेक दिवस लावून बघायचे आणि दोन परत द्यायचे. सियागंजातले घाऊक व्यापारी कुणाच्या बापाला भीत नाहीत, पण यांना लांबून बघून नोकराला "बोल दे, सेठजी खाना खाने गए" म्हणून सांगायचे. शेवेचा तर कहर होता. छत्रीबागेतून आणि आणखी दोन ठिकाणांहून लौंगवाली, म्हणजे लवंगेची शेव आणून तीन वाट्यांत काढायचे आणि कॉलनीतल्या येणाऱ्या जाणाऱ्याला घरापुढच्या ओटल्यावर बोलावून डोळे मिटून खायला लावायचे. "डोळे फसवतात, मॅडमजी. जीभ आणि हात, हे दोन गवाह पक्के."

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात उभ्या राहून हे बघायच्या. बुटक्या, गोऱ्या, आणि तोंडानं फटकळ. एकदा मला म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी ह्यांच्याकडे तीन मुली सांगून आल्या होत्या. मी तिसरं कोटेशन."

"मग पास कशावर झालात?"

"कमी बोलते म्हणून. आयुष्यात तेवढं एकच इन्स्पेक्शन ह्यांचं चुकलं."

काका बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाले, "सॅम्पल वेगळं होतं, मॅडमजी. माल बाद में बदल गया." आणि दोघंही हसले. हा विनोद त्यांच्या घरात तीसेक वर्षं चालू होता आणि अजून शिळा झालेला नव्हता.

ते रिटायर झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना एक ई-रीडर दिला. तेव्हा ती नवलाईची वस्तू होती. प्राचार्यांनी भाषण केलं, हार घातला, खोका हातात दिला. यांनी तो उघडला, आत बघितलं आणि खोक्याच्या मागं काही आहे का तेही बघितलं. मग माइकवरच विचारलं, "एकच आणलंत? ह्याची तुलना कशाशी करायची?"

तुलना करायला दुसरं काही नाही म्हणून नाइलाजानं त्यांनी तो स्वीकारला. करड्या रंगाची, काळ्या चौकटीची, शाळेत न्यायच्या पाटीसारखी ती वस्तू, म्हणून तिचं नाव पडलं पाटी. तिच्या दोन्ही कडांना पान उलटायची बटणं होती. दाबलं की 'टक' असा आवाज व्हायचा. मराठी जोडाक्षरांशी तिचं फारसं पटत नसे, वेलांट्या कुठंतरी भलतीकडे जाऊन बसत. पण काकांनी ते सवयीनं सांभाळून घेतलं. नोकरीत असताना दरपत्रकांपलीकडे काही न वाचलेला हा माणूस साठीनंतर वाचायला लागला, आणि तेही खुनाच्या गोष्टी.

वाचायचे मोठ्यानं, कारण ऐकायला काकू. संध्याकाळी ओटल्यावर ट्यूबलाइटखाली खुर्ची टाकून हे वाचणार आणि खाली चटईवर काकू मटार नाहीतर लसूण सोलणार. माझ्या गॅलरीत आवाज यायचा. "आणि... तेवढ्यात... दिवा... विझला." टक. काकू म्हणायच्या, "अगं बाई." मला सवय होऊन गेली. कॉलेजातून दमून यावं, चहा टाकावा आणि समोरून कुणाचातरी खून ऐकू यावा. त्याशिवाय दिवस संपल्यासारखं वाटत नसे.

काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की टक टक वाढलंय. आधी पानभर वाचल्यावर एकदा वाजायचं, आता दर वाक्याला. मी खाली गेले आणि बघितलं, तर पाटीवरची अक्षरं एवढी मोठी केलेली की एका पानात जेमतेम एक वाक्य मावत होतं.

काकू म्हणाल्या, "वाचतायत की टाइप करतायत, तेच कळत नाही."

गंमत तेवढ्यावर संपली नाही. काकांचा उजवा डोळा लहानपणीच रंगपंचमीच्या धुमाळीत कुणीतरी चुन्याचा रंग फेकल्यामुळे गेलेला होता. सगळं आयुष्य त्यांनी डाव्या डोळ्यावर काढलं होतं, आणि आता मोतीबिंदू झाला तो त्याच डाव्या डोळ्यात. नेहमीप्रमाणे ते तीन डॉक्टरांकडे गेले. तिघांनी एकच सांगितलं. ऑपरेशन करायला हवं, उशीर केला तर अवघड होईल, पण चांगला डोळा हा एकच आहे आणि आतला पडदाही जरा नाजूक आहे, म्हणून धोका आहे तो आधी सांगून ठेवतो.

दुसऱ्या कुणाला ते पटलं असतं. काका मला म्हणाले, "तिन्ही कोटेशन सेम टू सेम आली, मॅडमजी. खरेदीत असं झालं की समजायचं, तिघं आपसात मिळालेले आहेत."

"काका, ते डॉक्टर आहेत, सिमेंटवाले नाहीत."

"हाव, पण अपनेको शक आला." आणि त्यांनी विषय बदलला. ते घाबरले होते, हे मला तेव्हाच कळलं. काकूंना तर माझ्याही आधी.

पुण्याला असलेल्या त्यांच्या लेकीच्या कानावर हे गेलं. आग्रह करून बाबा ऐकणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं जुन्या पाटीच्याच कंपनीची नवी पाटी पाठवून दिली. आतून उजेड असलेली, तो उजेड पिवळसर किंवा पांढरा करता येणारी, जास्त मोठ्या आणि काळ्याभोर अक्षरांची, बोटानं पान सरकणारी. "ऑपरेशनचं ठरेपर्यंत तरी त्रास नको," असं ती बिचारी म्हणाली होती. तिच्या बाबांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला. नवी पाटी पास झाली, तिच्यावर वाचता आलं, तर ऑपरेशन हवंच कशाला?

आणि मग इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात एका जातीच्या दोन वस्तू आल्या. त्या संध्याकाळी ते ओटल्यावर जुनी पाटी डाव्या तळव्यावर आणि नवी उजव्या तळव्यावर घेऊन, डोळे मिटून बसले होते. इतका तृप्त माणूस मी क्वचित पाहिला असेल.

तुलना पावसाळाभर चालली. कॉलनीतल्या कुणीही ओटल्यावरून जाताना थांबून निकाल विचारावा आणि काकांनी तपशीलवार सांगावा. उन्हात दोन्ही सारख्या. लाइट गेली की नवी. एकदा सगळी गल्ली अंधारात असताना फक्त यांच्या ओटल्यावर पिवळा चौकोन चमकत होता आणि तिथून "आणि... खंजीर..." असं ऐकू येत होतं. वजनाला नवी हलकी, पण हातात जुनी बसते. नवीच्या काचेवर अंगठा जरा टेकला की पान गायब. शेव खात वाचायचं तर जुनीच, कारण बटणाला तेलाच्या बोटाचं काही वाटत नाही. नवी मात्र तेलकट बोट लागलं की कधी दोन पानं पुढं, कधी सरळ अनुक्रमणिकेत. "नखरेवाली आहे," काका म्हणाले. "पर मराठी शुद्ध बोलती." जोडाक्षरं नवीत एकदम सुरेख यायची.

मग त्यांना वाटलं की एकच माणूस दोन्हीकडे बघतो ही पद्धत कच्ची आहे. एकाच वेळी, एकच पुस्तक, दोन वाचणारे हवेत. दुसरी वाचणारी म्हणून माझी नेमणूक झाली. मी जुनी पाटी घ्यायची, ते नवी. पुस्तक होतं थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलात झालेल्या खुनाचं. मी पाटी घरी नेली आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सकाळचा चहा होईपर्यंत पुस्तक संपवून टाकलं.

दोन्ही पाट्या एकाच खात्यावर आहेत, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. एकीवर कुणी पुढं वाचलं की ते इंटरनेटवरून दुसरीला कळतं. ती विचारते, दुसऱ्या पाटीवर पुढचं पान वाचलं गेलंय, तिथं जायचं का? संध्याकाळी काकांच्या नव्या पाटीनं तसं विचारलं. ऑफिसात जन्मभर "मंजुरी द्यावी का" या प्रश्नाला "हो" म्हणत आलेल्या माणसानं "हो" दाबलं आणि पुढं आलेलं पान काकूंना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'...होय, मीच... त्याला मारलं,' डॉक्टर... म्हणाला."

काकूंच्या हातातला लसूण खाली पडला. "अहो, डॉक्टर? कालच तर त्यानं नाडी बघितली!"

काका ओटल्यावरूनच ओरडले, "मॅडमजी! तुम्ही खुनी बताऊन दिला!"

लेकीला फोन करून काय झालं ते कळल्यावर मी हात जोडले. ते गंभीरपणे म्हणाले, "ठीक आहे. पण लक्षात ठेवतो. कधी ना कधी हिसाब बराबर करीन."

पुढचं पुस्तक घेतलं कोकणातल्या एका दीपगृहाचं. या खेपेला मी शपथेवर त्यांच्याच पानावर राहायचं कबूल केलं, आणि राहिले. संध्याकाळी शेजारी बसून ते वाचतील तेवढंच मीही डोळ्यांनी वाचायचे.

त्यातच रेघ मारायची परीक्षा झाली. नव्या पाटीवर शब्दावरून बोट सरकवलं की त्याखाली रेघ उमटते, आणि ती जुनीवरही दिसते. मी म्हटलं, "काका, पहिल्या ओळीतल्या 'दीपगृह' खाली मारा बघू." त्यांनी पाटी डोळ्याजवळ आणली, लांब नेली, बोट ठेवलं आणि सरकवलं. रेघ दुसऱ्या ओळीच्या मधूनच निघाली, तीन ओळी ओलांडून गेली आणि 'दीपगृह' तेवढा कोरडा राहिला.

"बिघडली आहे ही," ते म्हणाले. "तुम्ही करून बघा."

मी केलं. रेघ नेमकी त्या एका शब्दाखाली आली. काकांनी शेवेची वाटी माझ्याकडे सरकवली आणि पुढं वाचायला लागले.

पुढचा आठवडाभर परीक्षांच्या कामात मला खाली बसायला जमलं नाही. परत गेले त्या संध्याकाळी मला ते ऐकू आलं. काका छान वाचत होते, एरवीपेक्षा भरभर. "मग इन्स्पेक्टर दीपगृहाचा जिना चढून वर गेला. वरून त्यानं समुद्र बघितला. मग हवालदाराला बोलावून म्हणाला, जा, छत्रीबागेतून पावभर लौंगवाली शेव घेऊन ये."

मी माझ्या पाटीकडे बघितलं. त्यांच्या पाटीवरचंच पान होतं. त्यात इन्स्पेक्टर वाळूतले पावलांचे ठसे तपासत होता. जिना नव्हता, हवालदार नव्हता, आणि शेव तर कोकणातल्या खुनात कुठून असणार? मी तोंड उघडणार तेवढ्यात खाली चटईवर बसलेल्या काकूंनी मान वर न करता ओठांवर बोट ठेवलं.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. पाठोपाठ काकू आल्या.

"आठवडा झाला," त्या हळूच म्हणाल्या. "दिसत नाही त्यांना. मनानंच रचून सांगून राहिले. मी आधी म्हटलं, लेखक इंदुरी असेल."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"गोष्ट चांगली चालू होती ना." त्यांनी पदरानं हात पुसले. "परवा इन्स्पेक्टरला बायको मिळाली. तिचं नाव माझंच."

एवढं म्हणून त्यांचा आवाज फुटला. एक क्षणच. मग नळाखाली तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाल्या, "बस झालं. गोष्ट नको मला, ह्यांचा डोळा हवाय." आणि तरातरा बाहेर गेल्या.

त्यांनी काकांच्या हातातून नवी पाटी काढून घेतली आणि त्यांचे दोन्ही हात धरून तळवे वर केले. "तुमच्या पद्धतीनंच होऊ द्या. ह्या हातात ऑपरेशन. आता दुसऱ्यात काय ठेवू, ते सांगा."

काका हसायला गेले, पण काकू हसत नाहीत हे त्यांना आवाजावरून कळलं असावं. मग म्हणाले, "दुसऱ्यात आत्ता जेवढं दिसतं तेवढं ठेव. आत्ता तू दिसतेस. धुरात बसल्यासारखी, पण दिसतेस. ऑपरेशन बिघडलं तर तेवढंही जाईल."

"आणि नाही केलं तर?"

"तर... हळूहळू जाईल."

"मग तोला."

त्यांनी डोळे मिटले. मान डावीकडे कलली. मी त्यांना वांगी तोलताना पाहिलं होतं, झाडू, टॉर्च, आंबे तोलताना पाहिलं होतं, तेव्हा दर वेळी मला वैताग यायचा. त्या दिवशी मी श्वास धरून उभी होते. शेवटी त्यांचा ऑपरेशनचा हात जरासा खाली आला.

"हे जड आहे," ते म्हणाले. "पास करा."

पुण्याला लेकीच्या घराजवळच ऑपरेशन करायचं ठरलं, आणि दोघांनी आता तिकडेच राहायचं हेही लेकीनं त्याच फोनवर ठरवून टाकलं. निघायच्या दिवशी काकांनी जुनी पाटी मला दिली. दीपगृहाच्या त्याच पानावर, जिथं ठसे होते.

"खातं वेगळं करू नका. मी नवीवर वाचायला लागलो की तुमच्या पाटीवर कळेल. फोनबिनची जरूरत नाही. पण माझ्या पुढं जाऊ नका हं, मॅडमजी."

"नाही जाणार."

"तुमचा भरोसा नाही," ते म्हणाले. गाडी फाटकाशी उभी होती, काकू आत गॅस बंद केलाय का ते तिसऱ्यांदा बघत होत्या. काका माझ्याजवळ सरकले. "एक बात बताऊन ठेवतो. तीन कोटेशन झालीच नव्हती. हिला बघून आलो आणि बाकीच्या दोन घरी गेलोच नाही. आईला खोटंच सांगितलं की तिन्ही बघितल्या. सिंगल टेंडर होतं."

"काकूंना माहीत आहे?"

"कशाला? भाव वाढेल."

आणि ते गाडीत जाऊन बसले.

त्यानंतरचे दिवस मला फार अवघड गेले. ओटल्यावर आता कुणी नव्हतं. खुर्ची आत गेली होती, ट्यूबलाइट बंद. संध्याकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभं राहिलं की समोर नुसतं कुलूप. ऑपरेशन झाल्याचा काकूंचा फोन आला. मग दुसरा आला, सूज आहे, आतल्या पडद्याचं काही सांगता येत नाही, थांबा म्हणतात. त्यांचा आवाज इतका गरीब मी कधी ऐकला नव्हता. तिसरा फोन आलाच नाही, आणि आपण करावा तर काय ऐकायला मिळेल या भीतीनं मीही केला नाही.

रोज सकाळी उठले की मी पाटी उघडायचे. वाळूतले ठसे तिथंच. इन्स्पेक्टर तसाच वाकलेला. पुढचं पान एका बटणावर होतं आणि मला, दोन मिनिटं भाजीच्या रांगेत थांबता न येणाऱ्या बाईला, ते दाबायचं नव्हतं. मी पुढं गेले असते तर काका मागून वाचायला लागले तरी पाटीनं मला काही विचारलंच नसतं. खरं सांगते, देवापुढं बसून मी कधी इतकी वाट बघितली नाही. बटणावर अंगठा ठेवून बसायचे आणि मग पाटी झाकून कॉलेजला जायचे.

एका रविवारी सकाळी उघडली, तर पाटीनं विचारलं, दुसऱ्या पाटीवर पुढचं पान वाचलं गेलंय, तिथं जायचं का?

मी पटकन "हो" दाबलं. वाटलं होतं एखादं पान पुढं जाईल, फार तर दोन. पाटी क्षणभर काळी झाली, पांढरी झाली आणि एकदम पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जाऊन थांबली. सगळे जण दीपगृहाच्या खोलीत जमले होते आणि इन्स्पेक्टर खुनी कोण ते सांगत होता. त्या ओळीत दोन शब्दांखाली रेघ होती. 'पोस्टमास्तरांची बायको.'

'पो'पासून सुरू झालेली आणि 'को'पाशी संपलेली. आधीचा एक शब्द घेतला नव्हता, पुढचा एक सोडा पूर्णविरामसुद्धा नाही.

मी ती रेघ बघत बसले. डोळ्यांतलं पाणी पाटीवर पडलं. जुनी पाटी, तिला पाण्याचं काही वाटलं नाही. मग फोन लावला. काकूंनी उचलला आणि हॅलोही न म्हणता सुरू झाल्या, "तीन दिवस झाले हो दिसायला लागून! मी म्हणते मॅडमना कळवू या, तर मला फोनला हात लावू देत नव्हते. म्हणे पाटीवर कळेल. रात्रंदिवस वाचून राहिले. आणि पट्टी काढल्याबरोबर माझ्याकडे बघून काय म्हणाले माहितेय? म्हणे, नव्या पाटीपेक्षा जुनी—"

मागून आवाज आला, खणखणीत. "हिसाब बराबर, मॅडमजी!"

त्याला आता बरेच दिवस झाले. ते इंदूरला परतले नाहीत. समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलंय. सज्जन आहेत, सगळं मोबाइलवरून मागवतात, ओटल्यावर कधी बसत नाहीत.

त्या रविवारी फोन ठेवल्यावर मी मागं आले, वाळूतल्या ठशांच्या पानावर. तिथून पुढची सगळी गोष्ट, खुनी माहीत असताना, सावकाश एकेक पान करत वाचली. टक. टक. इन्स्पेक्टर हुशार होता, समुद्राचं वर्णन सुंदर होतं. पण त्यानं शेवटपर्यंत शेव काही मागवली नाही, आणि त्याला बायकोही नव्हती. मला ती गोष्ट जरा आळणीच लागली.